पुन्हा शिकायचे तर आधी वेळेचा हिशोब
(संस्थेच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्धवट सुटलेले शिक्षण संसाराला लागल्यावर पुन्हा कसे सुरू करावे, या विषयावर मला बोलायला सांगितले आहे. शिक्षणाचे महत्त्व मी सांगत बसणार नाही. ते इथे कोणाला ठाऊक नाही? जयंतीच्या सभेनंतर नाव नोंदवणारे पुष्कळ असतात, दिवाळीनंतर पुस्तक उघडणारे थोडे राहतात. लोक याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. बहुतेकांचे गणित पहिल्याच दिवशी चुकलेले असते.

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपण अभिमानाने वाचतो, पण तिच्या मधला खंड ओलांडून जातो. १९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्ध्यावर ठेवून त्यांना परतावे लागले. येताना त्यांनी चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली होती. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी पत्करली, पगारातून काटकसरीने पैसा साठवला, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. मागे संसार होता. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. मुदत ठरलेली, पैशाची तजवीज केलेली! पुढे १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा नोकरदारांसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. कामकरी माणसाला कोणती वेळ मोकळी असते, याचा विचार त्यात होता.

आता आपला विचार करू. आठ तासांची पाळी, जाण्यायेण्यात दोन-तीन तास, घरचे काम. रोज खरोखर किती वेळ उरतो? समजा एक तास. आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे धरले, तर ३०० तास होतात. दहावीचे पाच विषय एकदम घेतले तर प्रत्येकी साठ तास. दोनच घेतले तर प्रत्येकी दीडशे. वीस वर्षांपूर्वी गणित सोडलेल्याला साठ तासांत ते येणार नाही. त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही.

म्हणून मार्ग निवडताना घाई करू नका. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा खाजगीरीत्या देता येते. पण तेथे सगळे विषय एकदम येतात. ज्याला वर्षभर रोज तीन तास मिळतील, त्याने तो खुशाल भरावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत मात्र एकदा नोंदणी केली की पाच वर्षे आणि नऊ संधी मिळतात, आणि उत्तीर्ण झालेला विषय जमेस राहतो. पाळीत काम करणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवीन. पहिल्या वर्षी दोन विषय, त्यातला एक मराठी. दहावी हातात येण्याआधी बी.ए.ची स्वप्ने रंगवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

भगिनींना एक वेगळी गोष्ट सांगतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधारकार्डावर सासरचे, यामुळे ऐन वेळी अर्ज अडतो. दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत काढायलाही वेळ लागतो. ही कामे अर्जाची तारीख लागण्याच्या दोन-तीन महिने आधी उरकावीत.

आणि घरच्यांशी आधीच बोला. रात्री नऊ ते दहा आई अभ्यासाला बसणार म्हटल्यावर भांडी कोण घासणार, हे ठरले नाही तर तो तास आठवड्याभरात नाहीसा होतो. हे मी नवरे मंडळींकडे पाहूनच बोलत आहे. (हशा) मुलाच्या वर्गातलीच पुस्तके आपण वाचायची, याची लाज काहींना वाटते. अशांनी मुलाच्याच शेजारी बसावे. गणित विचारायला माणूस घरातच मिळतो.

ज्यांना नाव नोंदवायचे आहे त्यांनी आज नोंदवू नये. येत्या आठवड्यात रोज कोणत्या वेळी किती मिनिटे मोकळी मिळाली, ते एका वहीत लिहा. रविवारी सकाळी वंदनेनंतर ती वही आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन विहारात या. कोणते विषय आधी घ्यायचे ते आपण तेथे बसून ठरवू.