आठ गुंठ्यांचे मैदान
(आसनगाव येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेतील काही सामने आपल्याच ठाणे जिल्ह्यात, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर झाले. भारताच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा खेळाडू होता. पुढे ३० ऑक्टोबर २०२२ रोजी त्याच क्रीडांगणावर मुलींच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना होऊन स्पेनने कोलंबियावर १-० असा विजय मिळविला. जगाचे युवा संघ आपल्या जिल्ह्यात येऊन खेळून गेले. त्यातून शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील मुलांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यात दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळावा, असा उपक्रम शासनाने हाती घेतला होता. तो स्तुत्यच होता. परंतु एका दिवसाचा उत्सव शासन घडवू शकते; रोजचे मैदान गावालाच राखावे लागते. नेमकी येथेच आपली अडचण आहे. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद अशा पूर्ण आकाराच्या फुटबॉल मैदानास सुमारे सत्तर गुंठे, म्हणजे पावणेदोन एकर सपाट जमीन लागते. डोंगरउताराच्या आणि भातखाचरांच्या या मुलुखात ती आणायची कोठून?

याचे एक उत्तर फुटसाल या खेळात आहे. त्याचा जन्मच एका शिक्षकाच्या हातून झाला. १९३० साली उरुग्वे देशातील माँटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी यांनी बास्केटबॉल, हँडबॉल आणि वॉटरपोलो यांतील नियमांचा आधार घेऊन, थोड्या जागेत खेळता येईल असा हा फुटबॉल बसविला. प्रत्येक बाजूस पाच खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि कमी उसळणारा लहान चेंडू, असे त्याचे स्वरूप आहे. चाळीस मीटर लांब व वीस मीटर रुंद मैदान, म्हणजे अवघे आठ गुंठे, त्यास पुरेसे होते. साध्या सामन्यांसाठी तर पंचवीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद, म्हणजे सुमारे चार गुंठे जागाही नियमांत बसते. मोठ्या स्पर्धांना लाकडी किंवा कृत्रिम पृष्ठभाग लागतो हे खरे. परंतु चेंडू पायाशी खेळविण्यास शिकण्यासाठी रोलर फिरवून, दगडगोटे वेचून सारखी केलेली जमीन चालते. कबड्डी आपल्या गावोगाव रुजली, त्याचे एक कारण तिला जागा थोडी लागते हेच नव्हे काय?

हा खेळ क्षुल्लक समजण्याचे कारण नाही. २०१८ साली ब्यूनस आयर्स येथील युवा ऑलिंपिकमध्ये फुटबॉलऐवजी फुटसाल खेळविण्यात आला. मुलांत ब्राझील आणि मुलींत पोर्तुगाल विजयी झाले. २०१९ साली इराणमधील तब्रीझ शहरी वीस वर्षांखालील राष्ट्रीय संघांची आशियाई स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात जपानसमोर कोण उभे होते? अफगाणिस्तान! दशकानुदशके युद्धात होरपळलेल्या देशाची मुले आशियातील उपविजेती ठरली. त्या स्पर्धेतील बारा संघांत भारत नव्हता. आपला राष्ट्रीय फुटसाल संघ आशियाई पात्रता फेरीत प्रथम उतरला तो २०२३ साली. म्हणजे या खेळात भारताची वाटचाल नुकतीच सुरू झाली आहे, आणि आरंभीच्या वाटेवर गर्दी कमी असते.

गावात पाणी आणि रस्ता आधी हवा, खेळाचे नंतर पाहू, असे काही सदस्य म्हणतील. त्यांचे म्हणणे रास्त आहे. परंतु रस्ता उद्याही बांधता येईल. विकली गेलेली मोकळी जागा उद्या परत मिळणार नाही. मुंबई-नाशिक महामार्ग आणि लोकल गाडी यांमुळे आसनगावच्या परिसरात जमिनीला भाव आला आहे. गुंठ्यागुंठ्याने भूखंड पडत आहेत. ज्या माळावर मुले कालपर्यंत खेळत होती, तेथे उद्या कुंपण उभे राहील. शिक्षणहक्क कायद्याने शाळेस क्रीडांगण आवश्यक मानले आहे. पण जमीनच उरली नाही, तर कायदा तरी ती कोठून देणार?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक ग्रामसभेने गावातील आठ, निदान चार गुंठे जागा क्रीडांगणासाठी ठरावाने राखून ठेवावी आणि तिची हद्द मोजून खुणा रोवाव्यात. दुसरी, शाळा सुटल्यावर मैदानाला कुलूप लागू नये. किल्ली कोणाकडे राहील, हे शिक्षक आणि पंचायत यांनी मिळून ठरवावे. तिसरी, आठवड्यातील काही संध्याकाळ केवळ मुलींसाठी राखून ठेवाव्यात. मैदान कायम मुलांच्या ताब्यात राहिले, तर मुली कडेला उभ्या राहून पाहण्यापलीकडे जाणार नाहीत.

भातकापणी उरकली की या तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांच्याबरोबर मुलांची शाळाही सुटते. मैदानामुळे हे स्थलांतर थांबेल, असा दावा मी करीत नाही. परंतु ज्या संघात आपल्यावाचून पाचवा खेळाडू नाही, त्या संघाची ओढ मुलाला शाळेकडे परत आणण्यास साहाय्यभूत होऊ शकेल. आपल्या तालुक्यातून राष्ट्रीय खेळाडू निघेल की नाही, हे काळ ठरवील. त्याला धावायला जागा राखायची की नाही, हे मात्र आपण येत्या ग्रामसभेत ठरवू शकतो. ते आपण ठरवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.