माळावर वसलेलं गाव



बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याचा जम बसत होता, तोच नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी ती जागा हवी झाली. यंत्रं, माणसं घेऊन जायचं कुठं? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ दिला, वर भांडवलासाठी कर्जही दिलं. मार्च १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडीचा पाया पडला. औंध आज सातारा जिल्ह्यात, वाडी सांगली जिल्ह्यात. तेव्हा मात्र दोन्ही एकाच संस्थानात होती.

माळ कसला, निवडुंगाचं रानच ते! साप-विंचवांचा सुळसुळाट, पाण्याची ओढ. पहिल्या कामगारांनी निवडुंग तोडला, छपरं उभारली, बायकामुलांसह तिथं संसार थाटले आणि भट्टी पेटवली.

इथला लोखंडी नांगर पुढं गावोगावी गेला. सुरुवातीला शेतकरी तो घ्यायला धजत नसे. लोखंडानं जमीन विषारी होईल, अशी भीती होती. लाकडी नांगर वरवर माती उकरायचा, हा खोल जाऊन हरळीची मुळं उपटायचा. फरक शिवारात दिसला, तेव्हा विश्वास बसला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

१९२० मध्ये याच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली या मासिकांनी घराघरांत नवे विचार पोचवले. स्टेशनचं नावही कुंडल रोडचं किर्लोस्करवाडी झालं.

दरवर्षी मार्चमध्ये वाडीचा वर्धापनदिन येतो. लक्ष्मणरावांना आणि बाळासाहेबांना वंदन करावंच. पण निवडुंग तोडणाऱ्या, भट्टीपुढं घाम गाळणाऱ्या ओतारी, लोहार, सुतारांनाही त्या मानात वाटा हवा. त्यांची नावं जुन्या कागदांत, घरच्या फोटोंत, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असतील. ती गोळा करून शाळेतल्या मुलांपुढं मांडूया.

आणखी एक. उठवलेल्या माणसाला एका राजानं जागा दिली, म्हणून ही वाडी वसली. आज आपल्या गावात काम शिकलेला, पण जागेवाचून, भांडवलावाचून अडलेला एखादा तरुण असेलच. ग्रामपंचायतीनं, सोसायटीनं, आपण सर्वांनी त्याच्या पाठीशी उभं राहावं. वाडीचा वर्धापनदिन साजरा करण्याची याहून चांगली रीत मला दिसत नाही.