नर पिल्लाचे लसीकरण आणि निर्बीजीकरण : दोन स्वतंत्र निर्णय



खेडेगावात कुत्र्याचे पिल्लू विचारपूर्वक घरी आणले जाते, असे क्वचितच घडते. मुले ते कोठून तरी उचलून आणतात, शाळेच्या व्हरांड्यात ते आठ दिवस शिळ्या भाकरीवर राहते आणि मग कोणाच्या तरी अंगणात त्याला आसरा मिळतो. बहुधा ते नर असते. मादी सांभाळण्याची तयारी फार थोड्यांची असते. चार महिन्यांत ते दांडगे होते, कोंबड्यांमागे धावू लागते आणि घरधन्याला पशुवैद्यकीय दवाखान्याची आठवण होते. तेथे तो दोन प्रश्न एका दमात विचारतो. याला सुई केव्हा टोचायची आणि याची नसबंदी केव्हा करायची? आणि नसबंदीला अजून अवकाश आहे असे कळले, की तो समाधानाने म्हणतो, "मग त्या वेळीच दोन्ही एकदम उरकू."

या "एकदम उरकू" मध्येच धोका आहे. लसीकरण आणि निर्बीजीकरण हे दोन निर्णय दिसायला जुळे असले, तरी त्यांचा स्वभाव निराळा आहे. लसीकरणाच्या बाबतीत निवड करण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. तेथे दिनदर्शिका सांगेल तसे वागावयाचे असते. निर्बीजीकरणाच्या बाबतीत मात्र त्या विशिष्ट कुत्र्याचे वय, अंगलोट, प्रकृती आणि राहणी पाहून विचार करावा लागतो. दुसऱ्या निर्णयाची वाट पाहण्यात पहिला लांबणीवर पडला, तर त्याची किंमत कुत्र्यापुरती राहत नाही.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ निश्चित असतो, मग रोगी माणूस असो वा जनावर. जगात या रोगाने दरवर्षी सुमारे 59,000 माणसे दगावतात असा अंदाज असून, त्यांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास मृत्यू भारतात होतात. संशयित जनावराच्या चाव्याला बळी पडणाऱ्यांत सुमारे 40 टक्के मुले पंधरा वर्षांखालील असतात, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पिल्लाला उचलणारे, त्याच्या तोंडात बोट घालणारे आणि त्याने ओरबाडले तर मार बसेल म्हणून घरी न सांगणारे हेच ते वय.

रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचे झाले की टोचावी. आपल्याकडे हा रोग सर्वत्र असल्याने दोन ते चार आठवड्यांनी दुसरी मात्रा देणे हितावह असते. त्यानंतर वर्षाने पुन्हा, आणि पुढे दवाखान्यातून सांगतील त्याप्रमाणे. टोचल्या दिवसापासून संरक्षण मिळते असेही नाही. शरीराला प्रतिकारशक्ती उभारण्यास तीन-चार आठवडे लागतात, आणि त्या अवधीत पिल्लू मोकळे सोडणे योग्य नव्हे.

रेबीजखेरीज पिल्लाचे खरे शत्रू आणखी दोन आहेत : पार्व्हो आणि डिस्टेंपर. पार्व्होमध्ये उलट्या व रक्तमिश्रित जुलाब होऊन पिल्लू दोन-चार दिवसांत मरते, आणि त्याचे विषाणू अंगणातील मातीत कित्येक महिने तग धरतात. एक पिल्लू दगावले म्हणून लगेच दुसरे आणणाऱ्यांचे दुसरेही दगावते, ते यामुळे. या रोगांची संयुक्त लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत देतात. "एकाच रोगाला इतक्या वेळा सुया कशाला?" असा प्रश्न येथे हमखास येतो. गाईम्हशींच्या चिकाचे महत्त्व जाणणाऱ्या शेतकऱ्याला याचे उत्तर सहज पटावे. पिल्लाला आईच्या चिकातून संरक्षक द्रव्ये मिळतात. ती अंगात शिल्लक असेपर्यंत लसीला निष्प्रभ करतात, आणि ती ओसरली की पिल्लू उघडे पडते. ती कोणत्या आठवड्यात ओसरतील हे पिल्लागणिक निराळे असते. म्हणून त्या अवधीत लस पुनःपुन्हा द्यावी लागते, म्हणजे एक तरी मात्रा नेमकी लागू पडते. सोळा आठवड्यांपूर्वीच मात्रा थांबविणे म्हणजे केलेला खर्च पाण्यात घालणे होय.

कोकणात आणि जेथे पाणी तुंबते अशा सर्वच भागांत लेप्टोच्या लसीचाही विचार करावा. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा हा रोग कुत्र्याला होतो तसाच माणसालाही होतो. 2005 च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईने त्याचा अनुभव घेतला आहे.

लस देताना पिल्लू निरोगी असावे, त्याला ताप वा हगवण नसावी आणि जंताचे औषध आधी दिलेले असावे. याहूनही दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे लसीचा थंडावा. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती तापूही नये आणि गोठूही नये. तालुक्याच्या दुकानातून घेतलेली कुपी सदऱ्याच्या खिशात घालून एसटीने दोन तास प्रवास करून आणली, तर टोचले जाते ते बहुधा पाणीच. बर्फ घातलेला थर्मास एवढेच साधन त्यासाठी पुरे असते, पण ते बरोबर नेण्याचे सुचत नाही. लस टोचल्यावर कुपीवरील चिठ्ठी कार्डावर चिकटवून, तारीख व सही घेऊन ते कार्ड शिधापत्रिकेइतक्याच काळजीने ठेवावे.

मात्र कार्ड आहे म्हणून चावा घेतलेल्या माणसाने उपचार टाळू नयेत. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. मिरचीची पूड, चुना किंवा तेल लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. कुत्रे मारून टाकू नये. ते बांधून दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे.

आता निर्बीजीकरणाकडे वळू. बैल बडविण्याची रीत गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असल्याने या शस्त्रक्रियेकडे दोन टोकांच्या वृत्तींनी पाहिले जाते. कोणी ती किरकोळ समजतो, तर कोणी कुत्र्याचा पुरुषार्थ हिरावला जाईल म्हणून हळहळतो. बैलासाठीचा चिमटा कुत्र्यावर चालवू नये. कुत्र्याला संपूर्ण भूल देऊन, निर्जंतुक साधनांनी दोन्ही अंडकोश काढावे लागतात, आणि हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचेच आहे.

नराचे निर्बीजीकरण केल्याने काय साधते? माजावरील मादीच्या वासावर मैलोन्‌मैल भटकणे बरेच कमी होते, आणि त्याबरोबर भांडणे, चावे व रस्त्यावरील अपघातही. जागोजागी पाय वर करून मुतण्याची खोडही कमी होते. अंडकोशाचा कर्करोग उद्भवत नाही. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी सुजून होणारा त्रासही टळतो. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांत मैथुनातून पसरणाऱ्या गाठींचा एक संसर्गजन्य रोग पुष्कळ आढळतो. त्यापासूनही संकर थांबल्याने मोठे संरक्षण मिळते. उलटपक्षी, राखणदारीवर परिणाम होईल ही भीती निराधार आहे. परक्याला पाहून भुंकणे हे अंडकोशावर अवलंबून नसते. तसेच भित्र्या कुत्र्याचा चावरेपणा या शस्त्रक्रियेने जाईल ही आशाही बाळगू नये; तो कधीकधी वाढतो. कुत्रे लठ्ठ होते ही तक्रार मात्र खरी आहे. त्याची अन्नाची गरज घटते आणि घरधनी पूर्वीइतकेच खाऊ घालतो. रोजच्या भाकरीतला चतकोर कमी केला की पुष्कळसे काम भागते.

वयाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पूर्वी सहा महिने हे वय सरसकट सांगितले जाई. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2013 पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दिसून आले, की गोल्डन रिट्रीव्हरसारख्या काही मोठ्या जातींत वर्षाच्या आत शस्त्रक्रिया केल्यास सांध्यांचे विकार वाढतात; लहान चणीच्या जातींत तसे बहुधा आढळत नाही. याचे कारण असे, की हाडांची वाढ थांबविण्याचा इशारा देण्यात या ग्रंथींच्या स्रावांचा वाटा असतो. त्यामुळे थोराड बांध्याच्या पिल्लासाठी वर्ष-दीड वर्ष थांबावे, असा सल्ला आता देण्यात येतो. परंतु तिकडची कुत्री घरात आणि साखळीवर वाढतात. आपल्याकडचे गावठी कुत्रे मध्यम बांध्याचे असते आणि रात्री मोकळे असते. आठव्या महिन्यापासून ते कुंपण ओलांडू लागले, तर सांध्यांच्या संभाव्य दुखण्यापेक्षा ट्रकखाली येण्याचा संभव मोठा ठरतो. बांधून ठेवण्याची सोय असेल तर थांबावे, नसेल तर सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान उरकावे, हा व्यवहार्य मार्ग होय.

काही बाबी घरधन्याने आपण होऊन पशुवैद्यकाला सांगितल्या पाहिजेत. सहा महिन्यांनंतरही एक अंडकोश उतरलेला नसेल, तर तो पोटात किंवा जांघेत अडकलेला असतो आणि त्यात पुढे कर्करोग होण्याचा धोका कित्येक पटींनी अधिक असतो. अशा नराच्या बाबतीत शस्त्रक्रिया करावी की नाही हा प्रश्नच उरत नाही. कुत्रे कारवान किंवा पश्मी जातीचे वा त्या संकराचे असेल तर तेही सांगावे. अंगावर चरबी कमी असलेल्या या शिकारी जातींवर भुलीच्या काही औषधांचा अंमल फार वेळ राहतो. अंगावर गोचिडी असतील तर आधी रक्त तपासून घ्यावे. गोचीडतापात रक्त गोठण्याची शक्ती मंदावते आणि साध्या शस्त्रक्रियेतही रक्तस्राव आवरत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी किती तास उपाशी ठेवावे हे विचारून तंतोतंत पाळावे. मुलांनी प्रेमाने चारलेले बिस्कीट भुलीत जीवघेणे ठरू शकते. नंतर दहा ते चौदा दिवस जखम चाटू देऊ नये, कुत्र्यास पळू देऊ नये व आंघोळ घालू नये. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे शुक्रजंतू शिल्लक असू शकतात. महिनाभर तरी त्याला माद्यांपासून दूर ठेवावे.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने एक गोष्ट येथे स्पष्ट करणे जरूर आहे. नरांच्या नसबंदीने गावातील कुत्र्यांची संख्या आटोक्यात येईल, हा समज फसवा आहे. दहापैकी नऊ नर निर्बीज केले तरी उरलेला एक सर्व माद्यांना पुरतो. मादीचा गर्भकाल सुमारे 63 दिवसांचा असतो आणि ती वर्षातून दोनदा विऊ शकते. संख्येवर परिणाम हवा असेल तर माद्यांच्या शस्त्रक्रियेस अग्रक्रम द्यावा लागेल. आणि नर असो वा मादी, निर्बीज केलेल्या पण लस न टोचलेल्या कुत्र्याला रेबीज होण्यास कोणतीच आडकाठी नसते. केंद्र शासनाच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन आणि निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकावर, तर मोकाट कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे.

लसीकरणाने काय साधता येते याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. तेथे 2013 ते 2019 या काळात राबविलेल्या मोहिमेत वर्षाला 95,000 हून अधिक कुत्र्यांना लस टोचून एकूण कुत्र्यांच्या 70 टक्क्यांपर्यंत मजल मारण्यात आली आणि दरवर्षी दीड लाख मुलांना शाळांतून चाव्याविषयी शिक्षण देण्यात आले. कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण 92 टक्क्यांनी घटले आणि माणसांचे मृत्यू थांबले. पाळलेली आणि मोकाट, दोन्ही कुत्री त्यांनी मोजणीत धरली होती, हे विशेष.

हेच आपल्या गावात करावयाचे तर आधी कुत्र्यांची मोजणी हवी. शाळेतील वरच्या वर्गाची मुले लांबूनच, कुत्र्याला हात न लावता, आळीवार गणती दोन दिवसांत करून देऊ शकतात. तिच्या आधारे पंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याकडे लसीची मागणी नोंदवावी, वर्षातील एक महिना ठरवून घ्यावा आणि दरवर्षी त्याच महिन्यात शिबिर भरवावे. शिबिरात आणलेले पिल्लू तीन महिन्यांचे झालेले नाही म्हणून परत पाठवू नये. परत गेलेले पिल्लू सहसा पुन्हा येत नाही. त्याला तेथेच लस टोचावी आणि पुढची मात्रा कोणत्या तारखेला द्यावयाची, ते कार्डावर ठळक अक्षरांत लिहून द्यावे.