हातात तसबी नव्हती

माझे अब्बा शिंपी. कऱ्हाडच्या पेठेत त्यांनी पन्नासएक वर्षं मशीन चालवलं. मी कविता लिहितो, बी. ए. झालो आहे, म्हणजे घरातला शिकलेला माणूस मीच. हे आधीच सांगतो, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती या शिकलेल्या माणसाची आहे.

२०२१ च्या थंडीतली गोष्ट. मगरिबची नमाज झाली की अब्बा पडवीत खुर्चीवर बसायचे. उजवा हात मांडीवर. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर हळूहळू फिरत असायचं. एका लयीत, तसबीचे, म्हणजे आमच्या जपमाळेचे, मणी ओढावेत तसं. हातात तसबी मात्र नसायची. अम्मी म्हणायची, "देखो, जिक्र में डूबे हैं." मला ते दृश्य इतकं आवडलं, की मी त्यावर कविता लिहिली. पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकात ती छापून आली. अब्बांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. मला वाटलं, संकोचले असतील.

श्रोतेहो, तो जिक्रही नव्हता आणि संकोचही नव्हता.

आता मागे वळून पाहतो तर खुणा किती आधीपासून होत्या! २०१८ च्या ईदला अब्बांनी अत्तराचा फाया नाकाशी नेला आणि म्हणाले, "आजकल अत्तर में पानी मिलाते क्या?" आम्ही हसलो. २०२० साली जो तो एकमेकांना वास येतो का म्हणून विचारत होता, तेव्हा अब्बा म्हणाले, "मुझे तो दो साल से नहीं आती." आम्हाला हायसं वाटलं. चला, म्हणजे कोरोना नाही! वास का येत नाही, हा प्रश्न कुणाच्याच मनात आला नाही. आवाज बारीक झाला, तर म्हटलं वय. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागू लागला, तर म्हटलं नजर गेली. ज्या माणसानं हजारो काजं केली, त्याला बटण सापडेना, आणि आम्ही चष्म्याचा नंबर बदलून आणला.

२०२३ च्या ईदला माझी आपा मुंबईहून आली. ती वर्षातून एकदा येते, म्हणून तिला दिसलं. ईदगाहवरून परतताना अब्बांना पाहून दारातच म्हणाली, "अब्बा चालताना एकच हात का हलवतात रे?" मी पाहिलं. डावा हात मागेपुढे होत होता, उजवा अंगाला चिकटलेला. मी रोज त्यांच्या बाजूनंच चालत होतो.

गावातल्या डॉक्टरांनी आधी "या वयात चालायचंच" म्हणून चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या. त्या महिनोन्‌महिने चालू होत्या. आपाच्या हट्टानं आम्ही मिरजेला न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. मला वाटलं होतं, रक्त काढतील, फोटो काढतील आणि यंत्र उत्तर देईल. पण रक्ताच्या तपासणीत हा आजार दिसत नाही. डॉक्टरीणबाईंनी अब्बांना बोटं एकमेकांवर आपटायला सांगितली, मूठ उघडायला-मिटायला लावली, व्हरांड्यात चालवलं, वळायला सांगितलं. अब्बा वळले ते सात-आठ छोटी पावलं टाकून.

मग त्यांनी मला विचारलं, "हात काही करताना थरथरतो, की नुसता पडलेला असताना?"

कप उचलताना हात कापला तर त्याची कारणं बऱ्याचदा वेगळी असतात. हात स्वस्थ पडलेला असताना हलला तर संशय पार्किन्सन्सकडे जातो. हे त्यांनी नंतर समजावलं. त्या क्षणी मला एवढंच आठवलं, की खरी तसबी हातात असते तेव्हा अब्बांची बोटं जवळजवळ शांत असतात. रिकामी असली की फिरतात. उत्तर माझ्या कवितेतच होतं, दुसऱ्या ओळीत.

तरी बाईंनी लगेच शिक्का मारला नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या. चक्कर आणि उलटीवरच्या काही औषधांनीही हुबेहूब अशीच लक्षणं येतात, म्हणून ती चकरेची गोळी बंद करून काही महिन्यांनी परत बोलावलं. ते महिने वाईट गेले. आम्ही रोज त्या हाताकडे बघत बसायचो. हात थांबला नाही. मग लेव्होडोपाची गोळी सुरू झाली, आणि महिनाभरात एका सकाळी अब्बा स्वतः बटणं लावून बाहेर आले. औषध लागू पडणं हाही निदानाचाच भाग असतो म्हणे.

मेंदूच्या तळाशी काळसर रंगाचा एक छोटा भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. हात थरथरू लागेपर्यंत त्यांतल्या पुष्कळशा मेलेल्या असतात. मी विचारलं, "दोन वर्षं आधी आलो असतो तर?" बाई म्हणाल्या, "आजार थांबला नसता. पण ती दोन वर्षं त्यांना सोपी गेली असती."

घरी आल्यावर मी दुकानातल्या मापांच्या वह्या काढल्या. छाती, कंबर, बाही. जुन्या वहीत आकडे टपोरे, शेवटच्या वहीत मुंग्यांएवढे. अक्षर असं लहान होत जाणं हीसुद्धा याच आजाराची खूण. अब्बांनी ती स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरनं १८१७ मध्ये या आजारावर पुस्तिका लिहिली, ती सहा माणसांवरून. त्यांतली काही त्यानं नुसती रस्त्यावर पाहिली होती. रस्त्यावरून जाणारा परका माणूस त्याला दिसला. माझे तर पडवीत बसले होते.

शेजाऱ्यांनी खाजकुहिलीची पूड आणून दिली. या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं आहे, बाईंनीही मान्य केलं. पण किती पोटात जातं ते कळत नाही, तेव्हा गोळ्यांच्या जोडीला मनानं घेऊ नका, म्हणाल्या.

खरी लढाई झाली २०२४ च्या रमजानात. गोळी दिवसातून चार वेळा, ठरल्या वेळी. चुकली की अंग लाकडासारखं होतं, आणि एकदम बंद करणं धोक्याचं. अब्बा म्हणाले, "सत्तर साल से रोजा रखता हूँ." मौलानांनी येऊन सांगितलं, आजाऱ्याला सूट आहे, प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घाला. अब्बा तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी पाणी मागितलं, भिंतीकडे तोंड करून गोळी घेतली.

त्या वर्षी ईद ११ एप्रिलला आली. पार्किन्सनचा जन्मदिवसही तोच, म्हणून जगभर तो या आजाराचा दिवस पाळतात. अब्बांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी कुपीतून फाया भिजवला आणि माझ्यापुढे धरला. हात थोडा हलत होता.

"देख, कौन सा है?"

"खस," मी म्हणालो.

"अच्छा है?"

"अच्छा है, अब्बा."

त्यांनी फाया कानात ठेवला आणि चपला शोधू लागले.