बैल का घोरतो?



बैल जागेपणी घोरतो, नाकातून दाट, कधी रक्ताळलेला शेंबूड गळतो. आपण म्हणतो, "सर्दी झालीय, जाईल." पण ती जात नाही, आणि ऐन औताच्या दिवसांत जनावराला दम लागतो. अशा वेळी नाकाच्या शिरांत राहणाऱ्या एका कृमीची शंका घ्यावी. त्याला रक्तपर्णकृमी म्हणतात. मद्रासचे राव यांनी १९३३ साली त्याचे वर्णन केले.

याचा संसार मोठा चमत्कारिक. नराच्या अंगाला पन्हळीसारखी खाच, तीत मादी राहते. तिची अंडी शेंबडातून पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेल्या पिलाला दिवसभरात गोगलगाय गाठावी लागते, नाहीतर ते मरते. तीही कुठलीही चालत नाही. चपट्या वेटोळ्यासारख्या तपकिरी शंखाची, डबक्यात राहणारी लागते. तिच्या पोटात एकाची हजारो होतात. काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शेपटीची पिले बाहेर पडतात आणि पाण्यात उभ्या जनावराची कातडी भेदून रक्तात शिरतात. म्हणजे बैलाला रोग तोंडावाटे नव्हे, पायावाटेही होतो!

भीमेच्या एका अंगाला शिरूर, दुसऱ्या अंगाला दौंड. घोड नदीचे डोह, कालव्याचा पाझर, उसाच्या कडेची डबकी, गावतळी. शेवाळ आणि संथ पाणी असले की ही गोगलगाय तिथे सुखाने राहते.

तळ्यात डुंबलेल्या पोरांच्या पायांना कधी कधी खाज सुटते, पुरळ येते. जनावरांच्या कृमीची पिले माणसाच्या कातडीत शिरतात, पण तिथेच मरतात. माणसाचा रक्तपर्णकृमी वेगळा. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी लघवीतून रक्त जाणारे रोगी आढळले. गाडगीळ व शहा यांनी १९५२ साली ते प्रसिद्ध केले. तिथली गोगलगाय इवलीशी, टोपीसारख्या कवचाची होती.

तेव्हा बैल तळ्यात घालू नका, विहिरीचे पाणी हाळात भरून पाजा. तळ्यातले शेवाळ काढा. बदके पाळलीत तर ती गोगलगायी खातात. घोरणाऱ्या जनावराचा शेंबूड पशुवैद्यांकडे तपासायला न्या. सूक्ष्मदर्शकातून वाकडी अंडी दिसतात. औषध त्यांच्याच सल्ल्याने द्या. मात्र बरा झालेला बैल पुन्हा त्याच डबक्यात उतरला, तर औषधाचे पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

गुरुजींनी एक करावे. चिमट्याने अशा दोन-चार गोगलगायी काचेच्या बरणीत, स्वच्छ पाण्यात घालून सकाळच्या उन्हात ठेवाव्यात. रोगट असतील तर दुपारपर्यंत भिंगाखाली शेपटीवाली पिले वळवळताना दिसतील. पाण्यात बोट मात्र कोणी घालू नये, आणि नंतर ते पाणी उकळून टाकावे.