उद्याच्या जहाजावर झाडू कुणाच्या हातात?

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



कविता वाच म्हणाला असतात तर सोपं होतं. खिशातून कागद काढला, ओरडलो, खाली बसलो. पण तुम्ही म्हणालात, गोदीत जेवणाच्या सुट्टीत तू ती रॉकेटवाली पुस्तकं वाचतोस, त्यावर बोल. बोलतो. मी मॅट्रिक. प्राध्यापकी मांडणी माझ्याकडून होणार नाही. इंग्रजी वाचतो ते ठेचकाळत, एकेक शब्द मोबाईलवर शोधत. एका पुस्तकाला दोन महिने जातात. त्यामुळं भिकार पुस्तक मला परवडत नाही.

नाद कसा लागला ते आधी सांगतो. एक दिवस पिवळ्या टोपीवाले साहेब धक्क्यावर आले. एकानं मुकादमाला व्हिडिओ दाखवला. रॉटरडॅमचं बंदर. क्रेन आपोआप चालतेय, गाड्या आपोआप पळताहेत, माणूस औषधालासुद्धा नाही. साहेब हसत म्हणाला, हे भविष्य. मुकादमानं मोबाईल आमच्याकडं फिरवला. आम्ही अकरा जण बघत होतो. त्या भविष्यात आम्ही कुणीच नव्हतो. आज टोळीत सात उरलेत.

त्या रात्री झोप आली नाही. आपल्या माणसांनी काल लिहिला. आत्मकथनांतून लिहिला, लपवाछपवी न करता लिहिला. आज आपण कवितेत लिहितोय. पण उद्या? उद्या आपण त्यांच्यावर सोडून दिला. आणि ज्याच्या हातात उद्याचा नकाशा, तो आपल्याला कुठं उभं करणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून ठरवलं, ज्या वहीत उद्या लिहिला जातोय ती वही उघडून बघायची.

वाचताना माझा प्रश्न एकच. रॉकेट केवढं, ग्रह कितवा, ते नंतर. आधी सांग, त्या जहाजावर झाडू कुणाच्या हातात आहे? ह्या प्रश्नाला तोंड देणारी पाच पुस्तकं सापडली. पाचही इंग्रजी.

पहिलं जहाजाचंच. रिव्हर्स सॉलोमन यांचं 'ॲन अनकाइंडनेस ऑफ घोस्ट्स', २०१७ चं. मटिल्डा नावाचं जहाज पृथ्वी सोडून निघालंय, शेकडो वर्षं चाललंय. माणसं त्यातच जन्मतात, त्यातच मरतात. वरच्या मजल्यावर गोरे, खालच्या मजल्यावर काळे. खालच्यांनी शेतात राबायचं, पहारेकऱ्यांचा मार खायचा. वीज कमी पडली की ऊब तोडायची ती खालच्यांचीच. सुरुवातीलाच ॲस्टर नावाची बाई एका पोराचा पाय कापते, कारण थंडीनं तो गेलेला असतो. अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्याला लेखकानं सरळ आकाशात उडवलंय. मला कळलं, गाव चंद्रावर गेलं तरी वेस बरोबर जाते. पण ह्या ॲस्टरला औषधं कळतात, यंत्रं कळतात. आईच्या जुन्या वह्या लावून ती जहाजाचं दुखणं शोधते. जहाजाची खरी विद्या तळाला आहे.

दुसरं यंत्रमानवाचं. मार्था वेल्सची 'मर्डरबॉट' मालिका. 'ऑल सिस्टिम्स रेड', २०१७, ही छोटी. आधी ती वाचा. मग 'नेटवर्क इफेक्ट', २०२०, ही मोठी. हिला ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पारितोषिकं. हा गडी अर्धा मांस, अर्धा यंत्र. कंपनी त्याला पहाऱ्यासाठी भाड्यानं देते. हुकूम पाळायला लावणारी कळ त्याच्या आत बसवलेली, ती त्यानं गुपचूप निकामी केलीय. सुटला! आता काय करील? कत्तल? छे. कामावर जातो आणि चोरून सिरियली बघतो. मी खो खो हसलो. पाळी संपल्यावर आपण दुसरं काय करतो? पण हसता हसता काटा रुततो. सुटला तरी कामावर जातच राहतो, कारण सुटल्याचं कळलं तर त्याचं भंगार होईल. कंत्राटावरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं समुद्राचं. रे नेलरचं 'द माउंटन इन द सी', २०२२. व्हिएतनामच्या कॉन दाओ बेटांपाशी ऑक्टोपस सापडतात, त्यांना स्वतःची भाषा आहे. माणसाखेरीज दुसरी बुद्धी भेटली तर तिच्याशी बोलायचं कसं, ह्याचा शोध एक शास्त्रज्ञ बाई घेते. पण मला धरून ठेवलं दुसऱ्याच धाग्यानं. समुद्रात मासेमारीचं एक जहाज. कप्तान माणूस नाही, कृत्रिम बुद्धी. आणि राबायला पळवून आणलेली माणसं, गुलाम. दया मागायची कुणाकडं? साहेबाच्या तोंडावर थुंकता तरी येतं. अल्गोरिदमचं तोंड कुठाय? व्हिडिओ बघून मी समजलो होतो की यंत्र आलं की माणूस जातो. नेलरनं दाखवलं, कधी कधी यंत्र वरच्या खुर्चीत बसतं आणि माणूस खालीच राहतो.

चौथं उष्म्याचं. किम स्टॅन्ली रॉबिन्सनचं 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर', २०२०. सुरुवात उत्तर प्रदेशात. उष्णतेची लाट, वीज गेलेली. हवेत इतका दमटपणा की घाम वाळत नाही. घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक ३५ अंशांवर गेला की धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसून काही तासांत संपतो. लोक तळ्यात उतरतात, तर तळंही कढत. लाट सरते तेव्हा दोन कोटी माणसं मेलेली. मे महिन्यात बंद कंटेनरमधून ज्यानं गोणी उतरवल्यात त्याला ही पानं वाचताना चटका बसतो.

पण माझं भांडण आहे. मेलेले दोन कोटी इथले, आणि त्या तळ्यातून जिवंत निघाला तो एक गोरा अमेरिकन. शिवाय तळ्यात आधी कोण उतरलं, कुणाला काठावर अडवलं? रॉबिन्सन हे विचारत नाही. २० मार्च १९२७ ला ज्यांनी महाडचं तळं चाखलं त्यांची आपण पोरं. आपल्याला पहिल्यांदा हाच प्रश्न सुचतो. पुस्तक वाचा, आणि भांडून वाचा.

पाचवं शेवटाला राखून ठेवलंय. एन. के. जेमिसिनचं 'द फिफ्थ सीझन', २०१५. तीन भागांतला हा पहिला. तिन्ही भागांना लागोपाठ ह्यूगो, २०१६, २०१७, २०१८. कादंबरीचा ह्यूगो मिळवणारी ही पहिली काळी लेखिका. काही लोक हिला अद्भुतकथा म्हणतात. म्हणू देत. सतत हादरणारी जमीन. थोड्या माणसांना भूकंप थोपवता येतो. त्यांच्यावाचून जग चालत नाही आणि जग त्यांना माणूस मानत नाही. शिवी देतं, 'रोगा'. आपलं लहानगं पोर त्यांच्यातलं निघालं म्हणून बाप त्याला मारून टाकतो. तिथं माणसाच्या नावात कामाची जात जोडलेली असते. जेमिसिन इंग्रजीत 'कास्ट' हाच शब्द वापरते. आणि मग एक बाई येते. ती जातीच्या जागी शिवीच लावून नाव सांगते: यक्का रोगा कास्ट्रिमा. मी पुस्तक मिटून धक्क्यावर नुसता बसून राहिलो. तोंडावर फेकलेलं नाव उचलून त्याचंच हत्यार करायचं, हे आपल्याला नवीन नाही. पण सातासमुद्रापार, भविष्यातल्या पृथ्वीवर ते कुणीतरी लिहून ठेवलंय!

कुणी म्हणेल, ही पळवाट आहे. मोर्चा सोडून मंगळावर कुठं निघालास? पळवाटीची पुस्तकं ढीगभर आहेत, मान्य. ही पाच तशी नाहीत. ती आजचाच माणूस दाखवतात, फक्त दिवा लांब धरून.

आणि आपली माणसं ह्यात आहेत. मिमी मंडल ही कोलकात्याची दलित लेखिका. ऑक्टेव्हिया बटलरवरच्या ग्रंथाची सहसंपादक म्हणून २०१८ ला ह्यूगोच्या अंतिम यादीत पोचली. चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनानं २०२४ ला जातिविरोधी विज्ञानकथांचा संग्रह काढला. मराठीत हे कोण करणार? ज्यानं बोगद्यात, गटारात, बोटीच्या पोटात काम केलंय त्याला यंत्राचं पोट आतून माहीत आहे. त्यानं लिहावं. इंग्रजी अडलं तर माझ्याकडं या, दोघं मिळून ठेचकाळू.

साहेब तो व्हिडिओ घेऊन पुन्हा येईल. तेव्हा मी एवढंच विचारणार आहे: साहेब, त्या क्रेनला ग्रीस कोण लावतं? त्याचं तोंड दाखवा. मग आपण भविष्याचं बोलू.