पायरी, उतार आणि कायदा

(प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



पंचायतीच्या कचेरीला पायऱ्या किती, हे तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल? आपण नेहमी चढतो, उतरतो, पण मोजत कोणी नाही. ज्याचे पाय धड आहेत, त्याला पायरी दिसतच नाही. ज्याला चढता येत नाही, त्याला मात्र एकेक पायरी पाठ असते.

आपल्याकडे कचेरी, शाळा, दवाखाना उंच जोत्यावर बांधतात. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून ते ठीकच आहे. पण जोते उंच झाले म्हणजे पायऱ्या आल्या.

आता असे समजा, गावात एक बाई आहे. लहानपणी पोलिओ झाला, पाय गेले. तिचे घरकुलाचे काम अडले आहे. ग्रामसभेत आपले म्हणणे मांडावे म्हणून ती तीनचाकी सायकलवरून कचेरीपर्यंत येते. सभा वर चालली आहे आणि ती खाली अंगणात आहे. वर यादी वाचली जाते, हात वर होतात, ठराव मंजूर होतो. तिला बोलताच आले नाही. तिला अडवले कोणी? सरपंचाने नाही, शिपायानेही नाही. चार पायऱ्यांनी अडवले.

या पायऱ्या काही देवाने केलेल्या नाहीत. गवंड्याने केल्या, आणि त्याही तुमच्या-आमच्या पैशाने. माणसाने केलेली अडचण माणसाला दूर करता येते. ती दूर केलीच पाहिजे, असे आपल्या देशाचा कायदा सांगतो.

कायदा काय म्हणतो?

या कायद्याचे नाव 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६'. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पूर्वी अपंग म्हणत, आता सरकारी कागदावर दिव्यांग लिहितात. त्याआधी १९९५ चा कायदा होता. त्यातही उताराची गोष्ट होती. पण सरकारने आणि पंचायतीने आपली ऐपत पाहून सोय करावी, असे त्यात लिहिले होते. मग काय, 'पैसे नाहीत' म्हटले की काम संपले! नव्या कायद्याने हक्क दिला.

या कायद्यात सार्वजनिक इमारत कोणती, हे नीट सांगितले आहे. जिथे सर्व लोक येतात-जातात, ती सार्वजनिक इमारत. मग ती सरकारी असो की खाजगी. शाळा, दवाखाना, कोर्ट, पोलीस ठाणे, एस.टी. स्टँड, रेल्वे स्टेशन, बाजारातली दुकाने हे सगळे त्यात आले. देवाधर्माची जागासुद्धा आली.

नवी इमारत बांधायची असेल, तर नकाशातच ही सोय हवी. नकाशा नियमाप्रमाणे नसेल तर बांधायची परवानगी द्यायची नाही. बांधून झाल्यावरही नियम पाळला नसेल, तर काम पुरे झाल्याचा दाखला द्यायचा नाही, असे कायद्याच्या ४४ व्या कलमात आहे.

जुन्या इमारतींचे काय? त्यांच्यासाठी ४५ वे कलम आहे. नियम झाल्यापासून ५ वर्षांत जुन्या इमारतींत सोय करायची होती. नियम जून २०१७ मध्ये झाले. म्हणजे जून २०२२ मध्ये मुदत संपली. प्राथमिक आरोग्य केंद्र, दवाखाने, शाळा, स्टेशने आणि बसथांबे यांचा आराखडा करून तो लोकांपुढे ठेवावा, असेही त्यात आहे. हे काम सरकारचे आहे आणि पंचायतीचेही आहे. 'हे वरच्यांचे काम' असे पंचायतीला म्हणता येत नाही.

कायदा मोडला तर दंड आहे. पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत. पुन्हा मोडला तर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत.

हे सगळे झाले तरी एक फट राहिली होती. मापे-नियम हे 'मार्गदर्शक सूचना' म्हणून लिहिले होते. पाळले तर बरे, नाही तर नाही! राजीव रतुरी नावाच्या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणाले, असे ऐच्छिक नियम कायद्याशी जुळत नाहीत. सर्वांनी पाळलेच पाहिजेत असे नियम ३ महिन्यांत वेगळे काढा, असा हुकूम सरकारला झाला.

उतार कसा असावा?

पायरीच्या जोडीला जी उतरती वाट करतात, तिला सरकारी कागदात रॅम्प म्हणतात. आपण उतार म्हणू. पण उतार म्हणजे घसरगुंडी नव्हे, बरं का! पुष्कळ ठिकाणी नावाला उतार असतो. दोन पोती सिमेंट ओतायचे, फोटो काढायचा, की झाले काम. त्यावर धडधाकट माणूससुद्धा पावसाळ्यात आपटेल.

योग्य माप सोपे आहे. ते ध्यानात ठेवा : एकास बारा. उंची १ फूट असेल तर उतार १२ फूट लांब हवा. यापेक्षा चढ जास्त नको.

आता हिशेब करू. चार पायऱ्या. एक पायरी ६ इंचांची. सहा चोक चोवीस. २४ इंच म्हणजे २ फूट. दोन बारे चोवीस. म्हणजे उतार २४ फूट लांब हवा. एवढी जागा समोर नसेल, तर १२ फूट जाऊन वळवावा आणि वळणावर सुमारे ५ फूट सपाट जागा ठेवावी. तिथे माणूस दम खातो, गाडी वळवतो.

उताराची रुंदी सुमारे ४ फूट असावी. दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा. फरशी गुळगुळीत नको, खरखरीत हवी. दार सुमारे ३ फूट रुंद हवे. वर पोचल्यावर दारात उंच उंबरा असेल, तर सगळा उतार फुकट गेला.

संडासाचेही पाहा. दार बाहेर उघडावे. आत कोणी पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. भिंतीला धरायला दांडी असावी. आणि संडासाला कुलूप लावून किल्ली साहेबांच्या खिशात असू नये.

ज्यांना दिसत नाही, त्यांच्या वाटेत खांब, उघडे गटार, उभ्या मोटारसायकली नकोत. ज्यांना कमी दिसते, त्यांच्यासाठी पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारावा. एक डबा रंगाचे काम आहे.

लोक काय म्हणतात?

कोणी म्हणतो, "गावात पांगळी माणसं दोन. दोघांपायी एवढा खर्च कशाला?" २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. त्यांतले १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहतात. ती माणसे आपल्याला कचेरीत दिसत नाहीत, कारण त्यांना कचेरीत येताच येत नाही. शिवाय उतार त्यांच्या एकट्यांचा नाही. पोटुशी बाई, काठी टेकणारी म्हातारी, बाळाला कडेवर घेतलेली आई, धान्याची गाडी ढकलणारा हमाल, सगळे त्यावरून जातात. आज पळणारा उद्या म्हातारा होणारच आहे.

दुसरा म्हणतो, "आम्ही आहोत ना, उचलून नेऊ." त्याचे मन चांगले आहे. पण उचलणारा रोज हजर असतो काय? आणि शेजारपाजाऱ्यांनी आपल्याला पोत्यासारखे उचलावे, असे तुम्हाला आवडेल? एखाद्या बाईला चार पुरुषांनी उचलावे, हे तिला कसे वाटेल? लाजेपायी ती घरीच बसते. दया केली तर उपकार होतात. उतार बांधला तर माणूस आपल्या पायांनी, आपल्या चाकांनी, आपल्या मानाने वर जातो.

आपण काय करावे?

पहिले काम, टेप घेऊन पायऱ्या मोजा. शाळा, दवाखाना, कचेरी, समाजमंदिर, सगळीकडे जा. उंची लिहा. उतार असेल तर त्याची लांबी लिहा. बाराने गुणून पाहा. खरे-खोटे तुमचे तुम्हालाच कळेल.

दुसरे, ग्रामसभेत अर्ज द्या. अर्ज असा लिहा : 'आमच्या ग्रामपंचायत कचेरीचे जोते २ फूट उंच आहे. दिव्यांग व वृद्ध माणसांना वर जाता येत नाही. तरी एकास बारा या मापाचा उतार व दोन्ही बाजूंस कठडा बांधावा.' खाली सह्या करा. अर्ज दिल्याची पोच घ्या. महाराष्ट्रात पंचायतीने आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के पैसे दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्या पैशांचे काय झाले, हेही सभेत विचारा.

तिसरे, नवे बांधकाम निघाले की नकाशा पाहायला मागा. पाया खणण्याआधी विचारलेले बरे. आधी बांधले तर थोड्यात भागते. मागून फोडून बांधले तर दुप्पट खर्च आणि वर भांडण.

चौथे, कोणी ऐकलेच नाही, तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथे लेखी तक्रार करता येते.

आणि उतार होईपर्यंत काय? सभा खाली घ्या. पारावर घ्या, शाळेच्या अंगणात घ्या. त्याला एक पैसा लागत नाही. ती तीनचाकीवाली बाई सभेत असेल, तर तिच्या घरकुलाची गोष्ट ती स्वतः सांगेल.

मंडळी, आता तुम्हाला लिहिता येते, वाचता येते, माप घेता येते. पहिला अर्ज कोणत्या इमारतीसाठी लिहायचा, ते आजच ठरवू या. पाटी-पेन्सिल काढा. रामराम.